सतराचं वळण

देवास
१४ जुलै २०२४

जयूस,

आशीर्वाद. इथे सगळं ठीक. तुझ्या सुमंगलावहिनीचे गुडघे होते तसेच आहेत.

आता कामाचं. आज पोहे ज्या कागदात बांधून मिळाले त्यात अजेयचा फोटो होता. तेलाचा डाग पडलाय, पण आपला पोरगा ओळखू येतो. खाली लिहिलंय, धारचे अजेय सहा वर्षांनी राष्ट्रीय कार रॅलीत परत. म्हणजे साऱ्या माळव्याने वाचून झालं, पेपर रद्दीत गेला, त्यात पोहे बांधले गेले, मग मामाला कळलं. वा.

त्याच्या बाजूला एक पोरगी उभी आहे. हातात हेल्मेट, कानामागे पेन्सिल. ती कोण? टीमच्या साहेबाची मुलगी असेल आणि फोटोपुरती उभी राहिली असेल तर मला काही म्हणायचं नाही. पण डावीकडच्या सीटवर बसणार असेल तर सांग. बारा वर्षं त्या सीटवर मी बसलो. लोकांना वाटतं रॅलीत गाडी चालवतो तोच सगळं करतो. त्याला पुढचं वळण दिसत नसतं. बाजूचा माणूस वहीतून वाचून सांगतो आणि तो डोळे मिटल्यासारखा त्यात गाडी घालतो. हे काय पोरीबाळींचं काम आहे?

उत्तर पत्रानेच दे. दिवसा कारखान्याच्या भट्टीखात्यात एकतीस वर्षं काढली, संध्याकाळी गॅरेज, आता फोनवर मला नुसती माशी ऐकू येते.

श्रीपादरावांना नमस्कार.

विठोबा


धार
२१ जुलै २०२४

दादास साष्टांग नमस्कार.

फोटो पोह्याच्या कागदात मिळाला यात आमचा दोष नाही. अजेय मे महिन्यात दोनदा देवासला येऊन गेला. पहिल्या वेळी तू देवीच्या टेकडीवर गेला होतास. दुसऱ्या वेळी घरी होतास, पण त्याने रॅलीचा शब्द काढल्याबरोबर तू उठून स्कूटरचा प्लग साफ करायला लागलास. तो तासभर बसला आणि चहा पिऊन परत आला. आता सांग, कोणी कोणाला सांगितलं नाही?

ती साहेबाची मुलगी नाही. किमया तिचं नाव. पीथमपूरला तिचे वडील कारखान्यात आहेत, मूळचे जळगावकडचे. इंजिनीअर झाली आहे. वय सव्वीस. हो, डावीकडे तीच बसणार.

दादा, तुला राग आला आहे ते अक्षरावरूनच दिसतं. मला त्याचं नवल नाही, उलट थोडी गंमत वाटते. दहावीनंतर माझा मुलगा तुझ्याकडे गॅरेजवर राहायला आला तो राहिलाच. सणाला घरी यायचा तर म्हणायचा, मामाकडे असं करतात, मामी पोळीला तूप असं लावते. मी शाळेत पोरांची हजेरी घेताना माझ्याच पोराची गैरहजेरी मनात लावायची. तुम्हाला मूल नाही म्हणून मी कधी बोलले नाही. आता तुझी पाळी.

हे ठीक आहेत. पूजेत वेळ जातो.

जयवंती


देवास
२८ जुलै २०२४

जयूस,

आशीर्वाद. जुनं काढायची काही गरज नव्हती. पोरगा हुशार होता, हाताला लागला, म्हणून शिकवलं. मी काय पळवून आणला होता?

राग बिग काही नाही. खामखा लावून घेऊ नकोस. फक्त दोन गोष्टी विचारतो. तिला गाडीत वाचताना उलटी होते का? सगळ्यांना होते. मला पहिली दोन वर्षं व्हायची. मी आलेपाक तोंडात धरून वाचायचो. हे इंजिनीअरच्या पुस्तकात नसतं. दुसरं, ती वळणं कशी सांगते? आजकालचे एक ते सहा नंबर सांगतात, एक म्हणजे अडचणीचं, सहा म्हणजे मोकळं. अजेयला ते समजणार नाही. त्याचं डोकं गॅरेजच्या पान्यांवर चालतं.

तुला माहीतच आहे, पण लिहितो. आठचा पाना म्हणजे हात शिरायला जागा नाही, तसं आठचं वळण. दहा, बारा, चौदा थोडं थोडं सैल. सतरा म्हणजे गियर न उतरवता जा. बावीस म्हणजे वळण आहे हे सांगायचीही गरज नाही. पंधरा वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या हातात पाने देतोय. मी नुसता हात पुढे केला की नटाकडे बघून बरोबर पाना ठेवायचा. नंबर त्याच्या पंज्यात आहे. ती कोण इंजिनीअर त्याला एक ते सहा सांगून राहिली तर तो पहिल्याच दिवशी शेतात जाईल.

मला काय. माझं काही अडलं नाही.

विठोबा


धार
२ सप्टेंबर २०२४

दादास सा. न.

तुझ्या तोंडची वाणी अर्धी खरी झाली. शेतात गेला नाही, पण पहिल्या फेरीत सातवा आला.

कारण वेगळं आहे. तिला उलटी होत नाही. आणि ती एक ते सहा सांगतच नाही. अजेयने तिला पाने शिकवले. महिनाभर पाने घेऊन बसली होती आमच्या अंगणात. आता ती "बारा डावा, मग सतरा उजवा" असं तुझ्यासारखंच म्हणते, फक्त खाकरत नाही.

अडतं ते त्याचंच. तिने वळण सांगितलं की तो म्हणतो, "पुन्हा." ती पुन्हा सांगते. तोवर त्याचा पाय ब्रेकवर गेलेला असतो. दर वळणाला असं. किमया म्हणते, गाडी चालवण्यात काही कमी नाही, त्याला आपण नीट ऐकलं याचा भरवसा वाटत नाही. पूर्वी असं होतं का? तुला ठाऊक असेल.

टीमच्या साहेबाने साफ सांगितलं आहे. डिसेंबरच्या शेवटच्या फेरीत पहिल्या तिघांत आला तर पुढचं वर्ष, नाहीतर दुसरा ड्रायव्हर. अडतीस वर्षांच्या माणसाला तिसरी संधी कोणी देत नाही. मग पुन्हा पीथमपूरच्या चाचणीच्या ट्रॅकवर दुसऱ्यांच्या नव्या गाड्या गोल गोल फिरवायच्या.

शेवटची फेरी कॉफीच्या मळ्यात आहे. तोच रस्ता. जिथे सहा वर्षांपूर्वी तुम्हा दोघांची गाडी झाडावर आदळली. त्या रस्त्याची तुझी वही हवी आहे. आधी रस्ता बघायला दोनच चकरा मिळतात, जुनी वही असली की बरं पडतं. स्वतः मागायला तो लाजतो, म्हणून मी मागते. रजिस्टरने पाठव.

जयवंती


देवास
९ सप्टेंबर २०२४

जयू,

पाने तिला शिकवले? कोणाला विचारून? ते काय सरकारी आहेत? ती पद्धत मी काढली. माझ्या गॅरेजात, माझ्या हाताने. त्याला दिली कारण तो माझा. तो उचलून कोणालाही वाटून राहिला. उद्या म्हणेल मामीसुद्धा तिलाच दे.

आणि शिकवून काय झालं, सातवा. मी बाजूला असताना सातवा कधी आला होता, सांग. दोन हजार सतरा सालची ट्रॉफी तुमच्याच कपाटात आहे, त्यावर दोन नावं आहेत, वाचून बघ. आवाज पोचवायला लागतो भैया. नंबर पाठ केला म्हणून नेव्हिगेटर होत नाही.

वही नाही. गॅरेज विकलं तेव्हा रद्दीत गेली असेल. उंदीरही फार झाले होते. शोधायला वेळ नाही.

साहेबाला म्हणावं, जुना माणूस देवासला अजून जिवंत आहे. चष्मा आहे, पण वाचता येतं. एक शब्द टाकून बघायला काय जातं.

विठोबा


धार
१५ ऑक्टोबर २०२४

दादास सा. न.

दुसऱ्या फेरीत आठवा.

तुझा शब्द मी टाकलेला नाही. सदुसष्टाव्या वर्षी, फोन ऐकू न येणारा माणूस गाडीत बसून काय ऐकणार? हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

परवा अजेय माझ्याजवळ बसला होता. मी विचारलं, बाबा रे, तुला नक्की काय होतं? म्हणाला, "आई, त्या दिवशी मला सतरा ऐकू आलं होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणाला. अगदी मामाच्या आवाजात, सतरा उजवा. आणि वहीत दहा होतं. सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे मामा दहा म्हणाले आणि माझ्या कानांनी सतरा ऐकलं. ज्या माणसाचे कान असे, त्याने कोणावर भरवसा ठेवायचा? मग विचारतो, पुन्हा."

सहा वर्षांत हे त्याने मला पहिल्यांदा सांगितलं. टीमने काढलं, पायात सळई बसली, तेव्हा एक शब्द बोलला नव्हता. लोक म्हणाले, बेपर्वा आहे, बाजूच्याचं ऐकत नाही. तेही ऐकून घेतलं.

वही उंदरांनी खाल्ली नाही. वहिनी म्हणाल्या, पत्र्याच्या ट्रंकेत आहे, तुझ्या लग्नाच्या कोटाखाली. तीन नोव्हेंबरला भाऊबीज आहे. ये आणि वही घेऊन ये. ओवाळणीत दुसरं काही नको.

जयवंती


देवास
५ नोव्हेंबर २०२४

जयूस,

परवा न जेवता निघून आलो. तू ताट वाढलं होतंस. श्रीपादराव दारापर्यंत हाका मारत आले. मला ऐकू आल्या. तेवढं येतं.

का निघालो ते लिहितो. मध्ये थांबू नकोस, पुरतं वाच. मग अजेयला मोठ्याने वाचून दाखव. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो आणि हे त्याने अडखळत वाचू नये.

मी आलो तेव्हा ती दोघं तुझ्या ओसरीत होती. दोन खुर्च्या शेजारी शेजारी. तो उजवीकडे, डोळे मिटून, हातात स्टीलची परात धरलेली. ती डावीकडे, वाचून राहिली होती. बारा डावा, चौदा उजवा, आणि तो परात फिरवत होता. हे मी आणि त्याने सुरू केलं होतं. गॅरेजात, तेलाच्या डब्यांवर बसून, हातात हीच असली परात. सुमंगला ओरडायची की कणीक कशात मळू. मी दारात उभा राहिलो. त्याने पाहिलं नाही. तिने पाहिलं आणि उठून मला खुर्ची दिली. डावीकडची. म्हणाली, "मामा, तुम्ही वाचा ना." कानामागची पेन्सिलपण दिली.

जयू, मी तुला खरं सांगतो, मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. माझी जागा मला अशी देते, जशी बसमध्ये म्हाताऱ्याला देतात.

पण बसलो. वाचलं. चार वळणं झाली आणि तो मला म्हणाला, "पुन्हा." मला. डोळे मिटलेलेच. तिला म्हणतो तसंच. तेव्हा उठलो.

वही माझ्या पिशवीतच होती. दिली नाही. आज या पत्राबरोबर पाठवतो. सतरावं पान काढा. टाकीजवळचं उजवं वळण. तिथे दहा लिहिलंय. उजेडात धरा. कागद तिथे पातळ झालाय. त्याखाली सतरा आहे.

मी सतराच म्हणालो होतो. त्याचे कान बरोबर होते.

रस्ता बघायला दोन चकरा होत्या. पहिल्या चकरेत मला ते वळण सतराचं वाटलं, लिहिलं. दुसऱ्या चकरेत तपासायचं असतं. त्या वळणाला मी चष्मा पुसत होतो, वर पाहिलंच नाही. जवळचं वाचायचा एक आणि लांबचं बघायचा एक, असे दोन चष्मे झाले होते आणि मी टीममध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. ते आधीच म्हणत होते, म्हातारा बदला, तरुण कोणी घ्या. एक नाव पण चाललं होतं. मला ते सहन होत नव्हतं.

तू दवाखान्यात आत त्याच्या उशाशी होतीस. मी बाहेर बाकावर. टीमवाले म्हणाले, वही द्या, चौकशी आहे. म्हटलं, चहा पिऊन देतो. पेन्सिलीच्या मागच्या रबराने पुसलं आणि दहा केलं. वाटलं, पोरगा तरुण आहे, त्याला एक चूक माफ करतील. मला करणार नाहीत. त्याला मिळेल दुसरी गाडी, मी बाजूला असेनच. दोघांचीही गेली.

शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारलं होतं, "मामा, तुम्ही सतरा म्हणालात ना?" मी म्हणालो, "दहा म्हणालो रे बाळा. वहीत बघ."

एवढंच आहे. चौकशीवाल्यांना सांगायचं असेल तर सांगा, मी सही करीन.

त्याला म्हणावं, पुन्हा विचारू नकोस. ऐकलंस ते ऐकलंस.

विठोबा


धार
११ नोव्हेंबर २०२४

पत्र आणि वही मिळाली. वाचून दाखवलं. त्याने पान उजेडात धरलं, बराच वेळ. मग वही किमयाच्या हातात दिली आणि गाडी घेऊन मांडवगडच्या रस्त्याला गेला. जेवायला परत आला. तुझ्याबद्दल बोलला नाही.

मी काय लिहू? मला वाटायचं तू माझा मुलगा घेतलास. तेवढं मी सोसलं होतं.

पत्र लिहू नकोस.

जयवंती


देवास
१२ डिसेंबर २०२४

जयू,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. फेरी या शनिवार-रविवारी आहे एवढं मला माहीत आहे. पेपर रोज बघतो. इथल्या पेपरात नुसतं क्रिकेट आणि सोयाबीनचा भाव.

कितवा आला एवढं एका ओळीत कळव. कार्ड चालेल. तिचं नाव नाही लिहिलंस तरी चालेल.

विठोबा


धार
२१ डिसेंबर २०२४

दादा,

तिसरा आला. चौथ्याच्या दीड सेकंद पुढे. पुढच्या वर्षाचा कागद साहेबाने तिथेच सही करून दिला.

तिचं नाव लिहिणार आहे, कारण त्याशिवाय हे सांगता येत नाही. रस्ता बघायच्या चकरेत टाकीजवळ किमयाने गाडी थांबवायला लावली. खाली उतरली आणि ते वळण चालत गेली, मग परत चालत आली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. अजेय म्हणाला, बस ना आता, वहीत आहे की. ती म्हणाली, वहीत दोन आकडे आहेत, मला एकही पटत नाही.

रविवारी त्या वळणाला तिने आकडा सांगितला आणि तो काही न विचारता गेला. ती म्हणते, दोन दिवसांत एकदाही "पुन्हा" म्हणाला नाही. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, "आई, ऐकू आलं होतं."

तुझी वही परत पाठवते आहे. म्हणजे मी नाही, त्यानेच पाकीट केलं, पत्ता त्याने घातला, मला फक्त टपालात टाकायला दिलं. आत चिठ्ठी वगैरे काही नाही, मी बघितलं. सतरावं पान बघ.

चौकशीवाल्यांना काही सांगायचं नाही असं तो म्हणतो. मी म्हटलं, का? तर म्हणाला, मला कळलं ना, झालं. मला तेवढ्याने झालेलं नाही. संक्रांतीला तुला तीळगूळ पाठवायचा की नाही हे मी ठरवलेलं नाही. वहिनींना मात्र पाठवीन.

जयवंती


देवास
२७ डिसेंबर २०२४

जयूस,

आशीर्वाद. वही पोचली. पाकिटावर त्याने "मामा" लिहिलंय आणि पुढे पत्ता. नाव नाही. पोस्टमन विचारत होता, मामा कोण. म्हटलं, मी.

सतरावं पान पाहिलं. दोन्ही चष्मे लावून. माझं दहा खोडलंय, रबराने नाही, सरळ आडवी रेघ मारून, म्हणजे खालचं दिसावं. बाजूला तिने बारा लिहिलंय. अक्षर काही खास नाही. दोन असा काढते की तीन वाटावा.

काल दिवसभर ते वळण डोळ्यांसमोर आणलं. आधी मोकळं वाटतं, टाकी ओलांडली की आतून आवळतं. सतरा नाही. मी घाबरून दहा केलं, तेही नाही. दहा वाचून गेला असता तर ते दीड सेकंद तिथेच गेले असते. म्हणजे खरं लिहिलं तेव्हा चुकलो आणि खोटं लिहिलं तेव्हाही चुकलो.

बाराचंच आहे. मी उतरून चाललो असतो तर मलाही दिसलं असतं. मागचे हॉर्न वाजवतील, म्हातारा दमला म्हणतील, म्हणून मी कधी उतरलो नाही. ती उतरली. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

तिला सांग, पेन्सिल कानामागे ठेवू नको. हेल्मेट चढवताना पडते. दोरीने वहीला बांधायची, माझी दोनदा सीटखाली गेली होती. आणि डाव्या दाराच्या खालच्या खिशात आलेपाक राहतो. उलटी होत नसली तरी ठेव म्हणावं, घसा बसत नाही.

मी सांगितलं असं सांगू नकोस.

नाही, सांग.

विठोबा